गवताची भिंत

माणसांना कॉलेजं ठाऊकही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या रानात प्राण्यांचं विद्यालय होतं. तिथं कासवगुरुजी इतिहास शिकवत आणि मुंगीबाई अर्थशास्त्र. दोघांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं, म्हणून वडाच्या ढोलीत थाटामाटानं ‘संयुक्त समाज अभ्यास केंद्र’ उघडलं. हार झाले, भाषणं झाली. आणि दुसऱ्याच दिवशी ढोलीत मधोमध गवताची भिंत उभी राहिली!

काठावरच्या बिळात पिल्लं ठेवून एक उंदरीण तिथं आली. “बाई, शेजारची सगळी बिऱ्हाडं उठून चालली. मी काय करू?”

“आम्हीसुद्धा धान्य टेकडीवर हलवलंय,” मुंगीबाई म्हणाल्या. “आमच्या आज्यांची रीत. त्यामागचं कारण म्हणशील तर तो इतिहास. पलीकडे विचार.”

पलीकडे कासवगुरुजी खोकत बसले होते. “शेजारी आत्ता का चाललेत, हा माझा विषय नव्हे गं. काही जुनंपानं असेल तर विचार.”

मुंग्यांनी धान्य हलवलं ते तर आत्ताच; मग जुनं काय विचारायचं, ते तिला सुचेना. एवढी शिकलेली मंडळी निवांत आहेत, मग आपणच कशाला घाबरायचं, असं म्हणून ती घरी गेली.

दोन रात्रींनी नदी बिळात शिरली. उंदरीण एकटीच वर आली.

“मुंग्यांनी धान्य हलवलं होतं?” तिची हकीकत ऐकून गुरुजी हळहळले. “अगं, मग पूर ठरलेलाच! मागंही असंच झालं होतं. मला कुणी सांगितलंच नाही.”

“गुरुजी, मी बाईंसमोर बसले होते ना,” उंदरीण म्हणाली, “तेव्हा तुमचा खोकला मला तिथं ऐकू येत होता.”