फक्त महाराजांपुरती बॅटरी

त्या राज्यात वीज रोज जायची आणि रोज यायची. कधी, ते मात्र कुणी सांगू शकत नसे.

राज्यावर पडदेमहाराजांची सत्ता होती. भिंतीच्या मधोमध ते झळकत आणि सारी प्रजा, म्हणजे खुर्च्या, त्यांच्याकडे तोंड करून बसे. प्रधान होता रिमोट, दाबल्याशिवाय तोंड न उघडणारा. महाराजांच्या पायाशी एक काळी डबी असे. छतावरच्या थाळीत पडलेल्या बातम्या, गाणी, भांडणं गोळा करून ती महाराजांच्या कानात सांगायची. महाराज तेच मोठ्यानं बोलून दाखवत. आपण दुसऱ्याचं बोलतो हे इतक्या वर्षांत ते साफ विसरले होते.

वीज गेली की महाराज काळे पडत. मग खुर्च्या मेणबत्तीभोवती गोल करत आणि जुनी आरामखुर्ची गोष्ट सुरू करी: आपण खुर्च्या नव्हतो तेव्हाची, अंगावर पानं होती तेव्हाची. एकदा वीज परत आली, महाराज खणखणीत बोलू लागले, तरी एकही खुर्ची वळली नाही. गोष्ट संपायची होती. महाराज मनाशी हिशेब करू लागले. असंच चाललं तर एक दिवस वीज असेल, आपण असू आणि समोर कुणी नसेल.

"अंधारातही मी दिसलो पाहिजे," त्यांनी फर्मावलं. "बॅटरी शोधा."

पहिला आला इन्व्हर्टर, थोराड बॅटरी ओढत. "सगळ्या घराचं बघतो, महाराज. पंखे, दिवे आणि तुम्ही." पंख्यांनंतर आपलं नाव ऐकल्यावर महाराजांनी त्याच्या बॅटरीला पाणी पाजलं आणि दोघांना वाटेला लावलं.

मग आला यूपीएस. त्याची हयात कॉम्प्युटरच्या चाकरीत गेली होती. "वीज गेली की मी ओरडून गावाला सांगतो," तो म्हणाला, "आणि तुम्हाला नीट बंद व्हायला पुरेसा वेळ देतो." नीट बंद व्हायला, हे शब्द महाराजांना झोंबले. त्यालाही नारळ मिळाला.

शेवटी आली लिथियमची चपटी पेटी. बोलायला गोड, पण सरळ. "मी किती वेळ पुरेन ते पंगतीला कोण कोण बसणार त्यावर आहे, महाराज."

"मी एकटा."

"मग सबंध संध्याकाळ तुमची."

डबी खालून हळूच म्हणाली, "महाराज, मलाही घ्या की पंगतीला. मी चिमणीएवढं खाते."

"तू माझ्या पायाशीच बसतेस ना गं? माझा उजेड पडेल तुझ्यावर. त्यात भागव."

प्रधानाला हे पटलं नव्हतं. पण त्याला कुणी दाबलं नाही.

पुढच्याच संध्याकाळी वीज गेली. पंखे थांबले, डबीचा हिरवा डोळा मिटला, महाराज मात्र झळकत राहिले. खुर्च्या थक्क झाल्या. मेणबत्ती पेटवायचीही गरज उरली नाही. सगळ्या मुकाट रांगेत बसल्या आणि महाराजांना धन्य धन्य वाटलं. त्यांनी घसा खाकरून तोंड उघडलं.

निळा रंग आला, आणि एक छोटी चौकट. तिच्यात लिहिलं होतं, सिग्नल नाही. चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडू लागली. नवा कार्यक्रम असेल म्हणून खुर्च्यांनी तोही बराच वेळ इमानानं पाहिला.

"हे संपतं कधी?" तीन पायांच्या स्टुलानं विचारलं. मग ते आरामखुर्चीकडे वळलं. "मावशी, तुमची ती गोष्ट अर्धी राहिली होती."

खुर्च्या वळल्या. मेणबत्तीच्या उजेडात नुसती तोंडं दिसत. आज महाराजांच्या निळ्या उजेडात अंग न् अंग दिसत होतं. मावशी बोलता बोलता थांबली.

"हल बघू जरा इकडे," ती स्टुलाला म्हणाली. "तुझ्या पायाच्या लाकडातली ही वाकडी रेघ."

तिनं आपला हात त्याच्या पायाला लावला. रेघ पायावरून तिच्या हातावर चढली, करवत फिरली होती तिथं तुटली आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पुन्हा सुरू झाली. एकेक खुर्ची सरकत आली आणि आपली रेघ शोधून शेजारणीला चिकटली.

मागे महाराज निळे झळकत होते. पेटी शब्दाला जागत होती. समोरच्या भिंतीवर खुर्च्यांची मिळून एकच सावली पडली, बुंध्याची आणि फांद्यांची, आणि सबंध संध्याकाळ महाराज तिच्याकडे तोंड करून बसले.