पाचशे पावलांचा पल्ला

“पण पाचशे पावलांवरून मारायचंय काय?” आप्पांनी विचारलं.

“जनावर.”

“कसलं जनावर?”

“जनावर म्हणजे जनावर, आप्पा. आता त्याचं नाव-गाव काय सांगू तुम्हाला?”

मानसिंग थोरवत हसला. मी नाही हसलो. पंचवीस वर्षं पोलिसात हवालदारकी केलेला माणूस मी. प्रश्नाला उलटा प्रश्न आला की माझे कान टवकारतात.

शिकारीला सरकारी परवाना मिळायचा, त्या काळातली ही गोष्ट. धोंडीआप्पा म्हणजे संस्थानचे जुने शिकारी. एक दिवस बंदूक संस्थानात जमा केली आणि आमच्या खिंडीतल्या महादेवाच्या देवळात येऊन राहिले, ते कायमचे. का, ते कुणाला सांगितलं नाही. खोऱ्यात ज्याला बंदूक घ्यायची असेल तो आधी त्यांच्या पायाशी यायचा. आप्पांची चिठ्ठी असली तरच तालुक्याचे साहेब परवान्यावर सही करत.

पेन्शनीत निघाल्यापासून मी त्यांच्यापाशीच होतो. पाणी भरायला आणि चार शहाणपणाच्या गोष्टी शिकायला. पाणी भरणं जमलं.

मानसिंग हा आप्पांचाच शिष्य. विशीत त्यांच्याकडे नेम शिकला. खोऱ्यात त्याच्या तोडीचा नेमबाज नाही असं लोक म्हणायचे, आणि ते त्यानं जरा जास्तच ऐकलं होतं. आप्पांचं नाव सांगून कोल्हापूरच्या दुकानातून दोन रायफली त्यानं पसंतीला म्हणून आणल्या होत्या. दोन्हींवर दुर्बीण. माझ्या घोंगडीवर त्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

“यातली कुठली घेऊ तेवढं सांगा,” तो म्हणाला. “आणि चिठ्ठी द्या.”

आप्पांनी एकीचा बोल्ट काढला. तो नसला की बंदूक म्हणजे नुसती काठी. नळी आभाळाकडे धरून आत डोळा लावला. मग दुसरी तशीच पाहिली. दस्ता खांद्याला लावला, उतरवला, पुन्हा लावला.

“ही हलकी आहे. दिवसभर रान तुडवणार असशील तर ही.”

“रान तुडवायचं नाही.”

“मग?”

“एका जागी पडून राहायचं.”

मी मनात नोंद केली.

“मग ही जड. नळी लांब आहे, धक्का कमी देईल. पण एवढ्या पल्ल्यावर वारा गोळीला बाजूला नेतो.”

“वारा मी बघितलाय.”

“कुठला?”

“खिंडीतला... म्हणजे असाच. आठ दिवस येऊन बघत होतो.”

आठ दिवस! देवदर्शनाला येतो म्हणून हा गडी रोज खिंडीत बसायचा, आणि मी खुळा त्याला गुळाचा चहा पाजत होतो.

आप्पांनी रायफल खाली ठेवली.

“मानसिंगा, आपल्या रानात साठ पावलांपलीकडं काय दिसतं?”

“...काही नाही. झाडी दाट आहे.”

“गवा?”

“झाडीत असतो.”

“डुक्कर?”

“उसात.”

“मग पाचशे पावलांवर, उघड्यावर, दिवसाढवळ्या कोण उभं राहतं?”

देवळावरचं भगवं फडकं तेवढं वाजत होतं.

मी आप्पांना घागर उचलायला हात लावा म्हणून देवळामागं नेलं. घागर रिकामी होती.

“आप्पा, चिठ्ठी देऊ नका. कुठंतरी पाणी मुरतंय.”

“कुठं?”

“अहो, याचं आणि याच्या थोरल्या भावाचं, हिंदूरावाचं, झऱ्याच्या पाण्यावरून नऊ वर्षं वाकडं आहे. घरं शेजारी, मधे नुसता बांध, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पौषात याची गवताची गंजी जळाली. तेव्हापासून हा पिसाळल्यासारखा झालाय. माझं ऐका, मी माणसं ओळखतो.”

“तुला ज्याचा संशय येत नाही असा कुणी आहे का रे, हवालदार?”

“तुम्ही.”

“मग अजून शिकायचंय तुला.”

एवढं बोलून आप्पा परत गेले. मी रिकामी घागर घेऊन मागोमाग.

“चल,” ते मानसिंगाला म्हणाले. “कड्यावर पड. काडतूस घालू नको. नेम कशावर धरायचा ते तुझं तू ठरव.”

देवळाच्या पलीकडं कड्याची सपाट शिळा आहे. रायफली मी घोंगडीसकट तिथं नेल्या. तिथून समोरचा उतार तळहातासारखा दिसतो. खाली ओढा, वर दोन कौलारू घरं, मधे बांध. फाल्गुन होता. गवत कापून नेलेलं, उतार उघडा पडलेला.

मानसिंगानं जड रायफल घेतली. दगडावर टेकवली, पोटावर पडला, गाल दस्त्याला लावला. काय सांगू, पडण्यात सुद्धा ऐट होती त्याच्या. बराच वेळ श्वास सुद्धा ऐकू येईना.

“धरला?”

“धरला.”

“कशावर?”

“त्या फणसाच्या बुंध्यावर.”

“हात काढ. बंदूक हलवू नको.”

आप्पा कण्हत गुडघ्यावर बसले आणि दुर्बिणीला डोळा लावला. पाहिलं... पुन्हा पाहिलं.

“फणसाचा बुंधा राब पसरतोय की रे.”

भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला पालापाचोळा अंथरतात, तो राब. समोरच्या उतारावर पांढऱ्या मुंडाशातला एक माणूस टोपलीतून पाला पसरत होता. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना सुद्धा तो कोण ते कळलं. हिंदूराव!

संशय घेणं वेगळं आणि तो खरा निघणं वेगळं.

“नेम सरकला असेल,” मानसिंग म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

“तुझा? बरं. पुन्हा बघ. आणि काय दिसतं ते बोलत राहा.”

मानसिंगानं नाइलाजानं डोळा लावला.

“माणूस आहे.”

“पुढं.”

“टोपली घेऊन चाललाय. वाकला... उठला.” मग थांबला. “पाय ओढतोय. डावा.”

“हं.”

“दादा कधीपासून पाय ओढतोय?”

नऊ वर्षांत त्याच्या तोंडून ‘दादा’ कुणी ऐकलं नव्हतं. तो, तोच, शेजारचा, एवढंच.

“मला काय ठाऊक?” आप्पा म्हणाले. “शेजारी तू राहतोस.”

बस्स, तेवढ्यानं तो भडकला. उठून बसला.

“माझी गंजी त्यानं पेटवली, आप्पा! म्हशीसकट गोठा जायचा तो थोडक्यात वाचला. आत पोरं झोपली होती माझी. आज गंजी पेटवली, उद्या घर पेटवेल. दोन महिने डोळ्याला डोळा नाही माझ्या. बांधापलीकडं काटकी मोडली तरी दचकून उठतो मी!”

“पेटवताना बघितलंस?”

“बघायला कशाला पाहिजे? दुसरं कोण आहे?”

“चाळीस पावलांवर राहतो तो,” आप्पा म्हणाले. “चाळीस पावलांवर कोयता पुरतो. धोंडा पुरतो. पाचशे पावलं कशाला हवीत?”



त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. खिंडीतून गोळी सुटली की कुणा शिकाऱ्याची चुकार गोळी लागली म्हणून पंचनामा होतो. असे दोन पंचनामे मी माझ्या हातानं लिहिलेत. दोन्ही खोटे असावेत असं मला आजही वाटतं. आता आप्पा याला चार शब्द सुनावतील आणि हाकलून देतील, अशी माझी खात्री होती.

आप्पा म्हणाले, “चिठ्ठी देतो.”

“आप्पा!” मी ओरडलो.

“तू गप. मानसिंगा, रिवाज ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

रिवाज आप्पांच्या उस्तादापासूनचा. जेवढ्या पल्ल्याची बंदूक मागायची, तेवढा पल्ला आधी पायी चालायचा. पडलेल्या जागेवरून थेट नेमापर्यंत. बंदूक खांद्यावर, बोल्ट गुरूपाशी. नेमाला हात लावून परत यायचं, मग चिठ्ठी. म्हणून शहाणी माणसं नेम धरायची ती एखाद्या उजाड टेकाडावरच्या वारुळावर. मुकाट जाऊन यायची. जित्या माणसावर नेम धरून हा रिवाज अंगावर घेणारा मी तरी पहिलाच पाहिला.

आप्पांनी बोल्ट काढून कमरेच्या बटव्यात टाकला.

“फणसापर्यंत जाऊन येतो,” मानसिंग म्हणाला.

“नेम धरलास तिथपर्यंत,” आप्पा म्हणाले.

मानसिंगाचा ताठा असा की नाही म्हणवेना. रायफल खांद्यावर टाकून तो कडा उतरू लागला. पहिली शंभर पावलं कशी गडी लग्नाला निघाल्यासारखी टाकली त्यानं. मग उतार उघडा झाला. ना झाड, ना झुडूप. चाल मंदावली.

समोर हिंदूरावानं टोपली खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून सरळ झाला. मग डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खाली बघू लागला.

धाकटा भाऊ खांद्यावर बंदूक घेऊन सरळ त्याच्याकडे येत होता. बंदुकीत बोल्ट नाही हे तिकडून त्याला कसं दिसणार?

ओढ्यात धुणं धुवायचा मोठा काळा दगड आहे. बरोबर निम्म्या वाटेवर. मानसिंग तिथं पोचला आणि त्याच घटकेला हिंदूराव वळला, पाय ओढत घरात शिरला.

दार उघडंच राहिलं. आत नुसता काळोख.

मानसिंग दगडापाशी थांबला.

“आप्पा,” मी म्हणालो, “तो आत काय आणायला गेला?”

“तुला काय वाटतं?”

“बंदूक.”

“का?”

“मी त्याच्या जागी असतो तर...” आणि मी जीभ चावली.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही.

मानसिंग उभाच होता. एक पाऊल पुढं टाकलं, मागं घेतलं. खांद्यावरची रायफल हातात घेतली, आणि ती रिकामी आहे हे आठवलं असावं, पुन्हा खांद्यावर टाकली. त्या दारातून कुणी बाहेर येईना. कुत्रं सुद्धा भुंकेना. मला वाटलं, आता ओरडून हाक मारावी त्याला. पण हाक मारून सांगायचं काय? पुढं जा, का मागं ये?

अखेर तो मागं फिरला. आधी चालत, मग पळत. पाठ वाकवून, डोकं खांद्यात घालून, वाकडातिकडा पळत कडा चढला आणि आप्पांच्या पुढ्यात येऊन बसकण मारली. धाप लागली होती. अंगरखा घामानं चिंब.

“आप्पा, त्याच्याकडं बंदूक आहे?”

आप्पा बटव्याची दोरी सोडू लागले.

“तुम्हाला ठाऊक असणार. या खोऱ्यात तुमच्या चिठ्ठीशिवाय कुणाला बंदूक ठेवता येत नाही. खरं सांगा. त्यानं घेतलीय? मी तिथं उघड्यावर होतो, आप्पा... त्या दारातून नेम धरला असता तर मला लपायला हातभर जागा नव्हती. पोरांची शपथ, सांगा मला!”

आप्पांनी बटव्यातून बोल्ट काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. मानसिंगानं तो न बघताच घोंगडीवर टाकला.

“मागच्या महिन्यात हिंदूराव आला होता,” आप्पा म्हणाले.

मागच्या महिन्यात मी लेकीच्या बाळंतपणाला गेलो होतो. मला याचा पत्ताच नव्हता.

“इथं?” मानसिंगानं विचारलं.

“इथंच. याच शिळेवर पडला. त्याला सुद्धा पाचशे पावलांचीच पाहिजे होती.”

“...नेम कशावर धरला होता?”

“तुझ्या अंगणावर.”

मानसिंगानं वळून समोर आपल्या अंगणाकडं बघितलं.

“मग चालला तो पल्ला?”

“चालला. ओढ्यातल्या दगडापर्यंत. तू तेव्हा अंगणात होतास, तू घरात गेलास. तो तिथूनच पळत माघारी आला, आणि तुझ्याबद्दल त्यानं हेच विचारलं.”

मी मानसिंगाकडं बघितलं. तो आठवत होता. कधी, कुठल्या दिवशी, घरात कशाला गेलो होतो... काहीच आठवत नसावं.

“मग?” तो हलकेच म्हणाला. “तुम्ही काय सांगितलंत त्याला?”

आप्पा दोन्ही रायफली घोंगडीत गुंडाळत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले,

“सांगितलं, मानसिंगाकडं बंदूक असती तर तू त्या दगडापर्यंत पोचलाच नसतास.”