इमेल्दाला एक पाप हवं होतं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, शपथ. म्हणजे, शपथ उगाच घ्यायची नाही अशी देवाची आज्ञाच आहे, म्हणून शपथ परत घेतो. शंभर टक्केपण राहू दे. बदक मात्र खरं आहे.

वसईकडच्या एका गावात इमेल्दा नावाची आठ वर्षांची मुलगी राहायची. तिची आई पास्कोलकाकांच्या वाडीत मोगरा खुडायची आणि त्यात दोघींचं कसंबसं भागायचं. रविवारी इमेल्दाचा पहिला कम्युनियन होता, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदाच पवित्र प्रसाद मिळणार होता. त्यासाठी मावसबहिणीचा जुना पांढरा फ्रॉक आणला होता, सात ठिगळांचा. ठिगळांचं तिला काही नव्हतं. तिची अडचण वेगळीच होती. आदल्या संध्याकाळी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरना आपली पापं सांगायची. आणि इमेल्दाकडे एकही पाप नव्हतं.

तिने तीन दिवस आठवून बघितलं. वर्गातल्या जॉयलकडे अकरा होती, वहीत लिहून ठेवलेली.

"एक दे ना मला."

"उसनं चालत नाही," जॉयल म्हणाला. "मी टीचरना विचारलंय."

"आणि नसलंच तर?"

"मग घरी पाठवतात. कम्युनियन नाही."

शनिवारी दुपारी इमेल्दा काकांच्या वाडीत मुसमुसत गजरा ओवत बसली. टपोऱ्या, दुधाळ कळ्यांचा ढीग समोर. एका कळीत ती सुई घालणार, तेवढ्यात कळी म्हणाली, "जरा थांबशील का?"

ती कळी नव्हती. इवलीशी परी होती. दवाच्या थेंबासारखे पंख, पोपटी झगा, आणि केसांत चांदण्यांची बारीक बारीक भुकटी.

"सॉरी हं," इमेल्दा म्हणाली आणि तिला अलगद तळहातावर घेतलं.

"गोड मुलगी आहेस," परी म्हणाली. "तुला तीन इच्छा. नियम दोन. इच्छा फक्त स्वतःसाठी मागायची. आणि माझ्या जादूने कुणाचं नुकसान होणार नाही. बोल, सोन्याचे बूट देऊ?"

"मला एक पाप पाहिजे. छोटंसं चालेल."

परीने चिमुकलं नियमांचं पुस्तक काढलं. पुढून वाचलं, मागून वाचलं. "तयार पाप आमच्याकडे नसतं," ती गोंधळून म्हणाली. "ते करावं लागतं. मी फार तर संधी देते."

परीने टिचकी वाजवली. काकांच्या केळीचा सोनपिवळा घड झुकत झुकत इमेल्दाच्या नाकापर्यंत आला. तिने डोळे मिटून एक केळं चोरलं.

"अगं, सगळा घड ने," आपल्या घराच्या खिडकीतून काका म्हणाले. "तुझ्या आईसाठीच ठेवलाय."

"नुकसान नाही," परी पुस्तकात बघत म्हणाली. "म्हणून चोरीची भेट झाली. दुसरी इच्छा?"

"आता मला खोटं बोलायचंय." इमेल्दा खिडकीकडे वळली. "काका, बावखलात बदक आहे. टोपी घातलेलं."

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. खाली उतरायला चोवीस पायऱ्या.

"बदकाचं काय एवढं," काका म्हणाले. "टोपी बघायला पाहिजे." आणि दुखरा गुडघा धरून, "आई गं, आई गं" करत ते उतरले.

तळ्यात बदक होतं. लाल मखमली टोपी, वर पीस. नुकसान नको म्हणून परीने खोटं खरं करून टाकलं होतं. काका तसेच कण्हत वर आले आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलते."

इमेल्दा परीला केसांत खोचून रडत रडत चर्चमध्ये गेली. (फादरांनी मला काही सांगितलेलं नाही, ते कुणालाच सांगत नाहीत. इमेल्दाने स्वतःच सांगितलं.)

"फादर, माझ्याकडे काही नाही. चोरी केली तर भेट झाली. खोटं बोलले तर बदक निघालं."

फादर पुढे झुकले. "टोपी कसली होती?"

"मखमली."

"बरं. पण केळं घेतलंस तेव्हा तुला काय वाटत होतं?"

"चोरतेय असं."

"आणि बोललीस तेव्हा?"

"खोटं आहे असं."

"मग बाळा, दोन झाली की. पाप मनात ठरतं. पुढे भेट निघो नाहीतर बदक."

"दोन? खरंच? थँक यू, फादर."

"आनंद नको गं, पश्चात्ताप पाहिजे."

इमेल्दा पश्चात्ताप शोधायला लागली. आणि तिला त्या चोवीस पायऱ्या आठवल्या. काका नुसते तिच्या पापासाठी उतरले होते. आता ती खरोखरची रडली.

"हा बघ, आला," फादर हळूच म्हणाले. "जा, काकांना सगळं सांगून ये. तेच तुझं प्रायश्चित्त."

तिने काकांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, "पण टोपी तर होती," आणि गुडघा चोळत विचारात पडले.

केसांतून परी कुजबुजली, "एक इच्छा उरलीय. सोन्याचे बूट?"

"काकांचा गुडघा बरा कर."

"स्वतःसाठी मागायचं असतं."

"मग मला काकांचा बरा झालेला गुडघा बघायचाय."

परीने पुस्तक पुढून वाचलं, मागून वाचलं. "बसतंय नियमात," ती म्हणाली, हसली, आणि मोतिया उजेडाचा एक झोत होऊन विरून गेली.

उजेड ओसरला तेव्हा काका चोवीस पायऱ्या उड्या मारत उतरत होते. घरी फ्रॉकवरच्या सातही ठिगळांच्या जागी मोगरा फुलला होता. रविवारी इमेल्दाला कम्युनियन मिळाला. घरी पाठवतात ही जॉयलची थाप होती. त्याची बारा झाली.

आता हिशेब. ही गोष्ट सांगताना मी चार ठिकाणी खोटं बोललोय. कन्फेशनमध्ये हे कबूल केलं की प्रायश्चित्त म्हणून चार वेळा 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणायला लागेल. तुम्ही मजेत ऐकत होतात, म्हणजे निम्म्या प्रार्थना तुमच्या. चला, टेका गुडघे.