रिकामं बटण

“मग माझ्या कमांडला कोणतं बटण देऊ, सर? हेल्पच्या यादीत एफ नाइन रिकामंच दिसतंय.”

निहारने यज्ञेश्वर सरांना विचारलं. सरांच्या गावाबाहेरच्या खोलीत खुर्च्या दोन होत्या. एकीवर सर बसले होते. दुसरीवर निहार बसायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला खाट दाखवली होती.

संगणकावर मजकूर लिहायचा, माउसशिवाय, नुसत्या बटणांवर चालणारा एडिटर. सर आणि त्यांचा मित्र नरहरी, दोघांनी मिळून तो घडवला होता. नरहरी आता नव्हता. निहारला त्या एडिटरमध्ये आपल्या हातचं काहीतरी राहायला हवं होतं. इंग्रजी अक्षरं कॅपिटल किंवा स्मॉल करणारी कमांड त्याने लिहून आणली होती.

“एडिटरच्या हेल्पच्या इंग्रजी पानांवरच चालवून पाहिली. नरहरीकाकांनी सगळं स्मॉलमध्ये लिहिलं होतं हो! शाळेतल्या पोरासारखं. सगळं कॅपिटल केलं. सेव्ह करून बंदही केलं.”

सरांनी पानं उघडली. बराच वेळ वाचत राहिले…

“होतं तसं कर.”

“त्यात काय!” निहारने बटण दाबलं. सगळं पुन्हा स्मॉल.

“होतं तसं नाही झालं.”

“सर, एकूण एक अक्षर…”

“माझं नाव.”

प्रत्येक पानाच्या शेवटी तेच एक इंग्रजी वाक्य होतं. अडलं, तर यज्ञेश्वरला विचारा. साऱ्या मजकुरात नरहरीने कॅपिटल ठेवलं होतं ते तेवढंच, त्या नावाचं पहिलं अक्षर. आता तेही स्मॉल झालं होतं.

“कुणाकडे जुनी प्रत असेल, सर.”

“वापरतं कोण आता हे?… तू आणि मी.”

“मग नाव शोधून कॅपिटल करतो. क्षणाचं काम.”

“उजवा हात पाठीमागे घे.”

निहारने घेतला.

“आता शिफ्ट धर. आणि वाय दाब.”

डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर, तर्जनी वायच्या दिशेने. पंजा ताणला. करंगळी सुटली आणि स्मॉल वाय उमटला. पुन्हा तेच.

“नरहरीचा उजवा हात लुळा होता,” सर म्हणाले.

निहारने कीबोर्डवरून हात काढला. हळूच विचारलं,

“मग एका बोटाने कॅपिटल होईल अशी कमांड त्यांना का नाही करून दिलीत?”

सरांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“दिली होती. एफ नाइनवर… त्याने ते बटण कधी दाबलं नाही.”