रानाईच्या माळावरचं उघडं रिंगण

रानाईच्या डोंगरमाथ्यावर, माळावर, दगडांचं मोठं रिंगण आहे. सगळीकडून बंद, फक्त एका बाजूला माणूस जाईल एवढी फट. तिथला दगड निखळलेला नाही, मुद्दाम सारलेला आहे. मागे परदेशातले काही पाहुणे इथं आले होते, विक्का पंथाचे. चंद्र, झाडं, ऋतू यांना भजणारे. त्यांच्यात म्हणे कोणी गुरूकडून दीक्षा घेतलेले, कोणी मंडळ करून पूजणारे, कोणी एकटेच आपल्या मनानं करणारे. खरी रीत कोणाची, यावरून डोंगर चढतानाच त्यांची जुंपली. वाट दाखवणाऱ्या धावजीबाबांनी ते दुभाष्याकडून समजून घेतलं आणि पोट धरून हसले. "अरे, ही तर आमचीच माणसं," म्हणाले, आणि फटीपाशी बसकण मारून त्यांनी भिकाईची गोष्ट सांगायला घेतली.

फार जुनी गोष्ट, काडेपेटी कोणी पाहिली नव्हती तेव्हाची. रानाई देवी एकच, पण तिच्या तीन वाड्यांच्या तीन तऱ्हा. वरच्या वाडीची माणसं या रिंगणात हातात हात गुंफून ढोलावर नाचायची. मधल्या वाडीत मंत्र तोंडातून कानात जायचा, तोही ज्याला दिला त्यालाच. पूजेच्या दिवशी उजाडल्यापासून अग्नी पेटेपर्यंत तिथं कोणी चकार शब्द काढायचा नाही. आणि डोंगरापलीकडच्या खालच्या वाडीला तर भगतच नव्हता. कोणी आपल्या झाडाला फुलं वाहायचं, कोणी नुसतंच बुंध्याशी बसून रानाईला घरची गाऱ्हाणी सांगायचं. वरचे मधल्यांना मुके म्हणायचे, मधले वरच्यांना ढोलबडवे म्हणायचे, आणि खालच्यांना हसताना मात्र दोघांचं एकमत व्हायचं.

दोघांचं आणखी एका गोष्टीत जमायचं. पौषातल्या पूजेला घरोघरच्या चुली विझवायच्या आणि माळावर लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी काढायचा. तोवर उसना निखारा घरात आणायचा नाही. आणला तर रानाई त्या घराकडे पाठ फिरवते, असं सांगायचे.

भिकाई मधल्या वाडीची. मंत्र तिच्याकडे, मान तिच्याकडे, आणि तोरा तर विचारूच नका. सून पुतळी खालच्या वाडीची, म्हणून उठताबसता टोमणा: तुमच्या देवधर्माला ना शेंडा ना बुडखा. त्या साली पुतळी बाळंत झाली. बाळाची पाचवीही पुजली नव्हती आणि पूजेचा दिवस आला.

त्या दिवशी धुकं असं दाटलं की लाकडं ओलीचिंब. माळावर एकीकडे रिंगणाच्या आत ढोलवाल्यांतले दोघं घासताहेत, एकीकडे खडकावर मुके घासताहेत, ठिणगी काही पडेना. दुपार कलली. पुतळीच्या घरात चूल थंड. बाळाचं रडणं आधी बारीक झालं, मग बंदच झालं. पुतळीनं त्याला छातीशी धरलं, पण तिचंच अंग गार. ती सासूला म्हणाली, "माझ्या आईची चूल पेटलेली असेल." भिकाईला नेमामुळे बोलता येत नव्हतं. तिनं बाळाच्या तळपायाला हात लावून पाहिला आणि उठलीच.

म्हातारी धावत सुटली हो! डोंगर चढली, पलीकडे उतरली, विहिणीच्या दारात उभी राहिली. तोंडातून शब्द नाही, नुसतं चुलीकडे बोट. विहिणीनं काही विचारलं नाही. मडक्यात राख घातली, वर पेटती गोवरी ठेवली आणि मडकं तिच्या हातात दिलं.

परत माळावर येते तो बोचरा वारा सुटलेला. गोवरी विझत चालली. आडोसा कुठं, तर रिंगणातल्या माणसांच्या मध्ये, आणि रिंगण बंद! अग्नी पेटेपर्यंत हात सोडायचा नाही, ही वरच्यांची शपथ. भिकाईनं न बोलण्याचा नेम जन्मभर पाळलेला. तरी ती बोलली.

"मला आत घ्या. निखारा विझतोय, आणि माझं नातवंड गारठलंय."

ढोल थांबला. खडकावरची तिची माणसं डोळे फाडून बघत राहिली. ढोलवाल्यांच्या म्होरक्याचं नाव काकड. हात सोडला की रिंगण मोडलं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यानं हात सोडला आणि एक दगड पायानं बाजूला सारला.

मग काय विचारता! वरच्यांनी अंगाची भिंत केली. कोणी ढोलाखालचं कोरडं गवत ओढलं. मुके धावत आले आणि गुडघ्यांवर बसून फुंकायला लागले. भप्पकन जाळ झाला. भिकाईनं पेटतं लाकूड उचललं, काकडनं घोंगडी आडवी धरली, आणि दोन्ही वाड्या उतारावरून पळत सुटल्या.

चूल पेटली. बाळाला शेकायला घेतलं. अंगणात सगळे उभे. रानाई आता पाठ फिरवते की काय, या धास्तीनं कोणाचा पाय हलेना. आणि मग आतून टाहो फुटला, असा की बाहेर काकडला रडू आलं. भिकाईही सगळ्यांदेखत रडली. सुनेला म्हणाली, "तुझ्या आईच्या चुलीनं वाचवलं गं."

आजही पौषात माळावर लाकडं घासत नाहीत. खालच्या वाडीतल्या कुठल्याही चुलीतला निखारा मधल्या वाडीची सगळ्यात म्हातारी बाई आणते, फटीपाशी उभी राहते आणि त्या दिवसाचं पहिलं बोलणं बोलते: मला आत घ्या. वरचे हात सोडतात. जाळ होतो. पण ढोल वाजत नाहीत. तिन्ही वाड्यांतलं सगळ्यात धाकटं बाळ शेकोटीजवळ आणतात आणि ते रडायची वाट बघतात. कधी पोर गाढ झोपलेलं असतं. त्याला चिमटा काढायचा नाही, हा नेम. सगळा डोंगर श्वास रोखून उभा राहतो. मग ते एकदाचं भोकाड पसरतं, ढोल कडाडतात, आणि तिन्ही वाड्यांच्या बाया ओरडतात, "जगलं गं बाई, जगलं!"