दुसऱ्यांदा ऐकलेली हलगी

एकदा एका नदीकाठच्या नगरात ऐकण्याची विद्या शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ राहत असत. त्यांना गाता येत नसे, कुठलेही वाद्य वाजवता येत नसे. पण त्यांच्यासमोर बसून गाताना मोठमोठ्या गवयांना धीर येई, आणि थोडी धास्तीही वाटे. नगरातले सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

त्यांच्या शिष्यांत तारानाथ सर्वांत तल्लख होता. कान तयार, जीभ त्याहून तयार. नगराच्या श्रवणसभेत नवा अल्बम लावला की लोक गाण्याइतकीच तारानाथाच्या मताची वाट पाहत. त्याने एका गझलांच्या अल्बमविषयी म्हटले होते, "फुलावर इतकं अत्तर ओतलंय, की फुलाचा वासच हरवला." सतार आणि गिटार यांच्या जुगलबंदीविषयी म्हणाला, "दोघं एका खोलीत बसलेत, पण बोलणं सोडलंय." एका नामांकित बुवांच्या ख्यालाविषयी, "तान चढताना छान वाटली, उतरताना जिना मोजत होती." कॉलेजातल्या मुलांनी रॅप केले, तेव्हा मात्र तो दाद देऊन गेला, "राग खरा आहे. राग खरा असला की ताल आपोआप सापडतो."

लोक हसत, टाळ्या वाजवत. परखड माणूस, असे त्याचे नाव झाले. ते नाव त्याला आवडू लागले.

एकदा गुरुजींनी सहज विचारले, "तारानाथ, एक अल्बम तू किती वेळा ऐकतोस?"

"एकदाच, गुरुजी. शितावरून भाताची परीक्षा होते."

गुरुजी म्हणाले, "शितावरून भात शिजला का ते कळतं, बाळ. तो अंगी लागेल का, ते कळत नाही." तारानाथाला ते वाक्य सुरेख वाटले, आणि तो ते विसरून गेला.

त्या वर्षी नगरात नवे नाट्यगृह बांधून पूर्ण झाले. उद्घाटनाच्या दिवशी कोणाची कला सादर व्हावी, हे श्रवणसभेने ठरवायचे होते. आलेले अल्बम सभेत आठवडाभर लावले गेले. भजने होती, लावण्या होत्या, भावगीते होती. त्यांत दोन अल्बम अगदी टोकाचे होते.

पहिला नगरातल्या एका तालेवार व्यापाऱ्याचा. आपली दिवंगत आई घरात म्हणत असे त्या भक्तिगीतांचा अल्बम त्याने तिच्या स्मरणार्थ काढला होता. गायिका दूरच्या शहरातली, नावाजलेली. मागे व्हायोलिनांचा सबंध ताफा. तो संपला तेव्हा सभा उभी राहिली. तारानाथ म्हणाला, "निर्दोष! यात बोट ठेवायला जागा नाही." व्यापाऱ्याचे डोळे पाणावले.

दुसऱ्या अल्बमचे नाव होते 'धग'. सगुणा नावाच्या बाईने आणि तिच्या सहा साथीदारांनी तो केला होता. त्यात गाणे नव्हते, पेटी नव्हती. आरंभापासून अखेरपर्यंत फक्त हलगी. मध्यावर आवाज ढिला पडत गेला, तेव्हा सभेत चुळबूळ झाली. तारानाथ म्हणाला, "वाट चुकलेली वरात आहे ही. शिवाय वाद्य उतरलंय, याचा वाजवणाऱ्यांना पत्ताच नाही." सभागृहात हशा उसळला. शेवटच्या रांगेत बसलेल्या सगुणेने तो ऐकला. तिने मान खाली घातली नाही. तारानाथाकडे सरळ पाहत राहिली.

निर्णयाचा दिवस आला. निर्णय कसला, तो झालेलाच होता. व्यापाऱ्याच्या माणसांनी हारही आणून ठेवले होते. रीतीप्रमाणे अध्यक्ष म्हणून गुरुजींनी अखेरचा शब्द बोलायचा. ते उठले.

"मला यावर मत नाही," ते म्हणाले. "दोन अल्बम पुन्हा लावा. ज्याची सर्वांत वाहवा झाली तो, आणि ज्याचं सर्वांत हसं झालं तो. दोन्ही पूर्ण."

सभा चक्रावली. ज्यांच्या कानावर नगर विसंबून, त्यांनाच मत नाही? तारानाथाचा चेहरा उतरला. आपल्या गुरूंनी भरसभेत आपल्यावर अविश्वास दाखवला, असे त्याला वाटले. मागच्या बाजूला सगुणा साथीदारांसह उठून निघाली होती. गुरुजींनी हाक मारली, "बाई, बसा. सभा अजून संपलेली नाही."

"पुन्हा हसं करून घ्यायला बसू का?" तिने विचारले.

"ऐकून घ्यायला बसा. आम्ही ऐकतो की नाही, ते तुम्ही पाहा."

ती बसली.

आधी व्यापाऱ्याचा अल्बम लागला. पहिल्या गीताला माना डोलल्या. दुसऱ्या गीताला कोणीतरी शेजाऱ्याला मुलीच्या लग्नाचे विचारले. तिसऱ्याला चहाची आठवण झाली. मंडळी दोघे-तिघे करून बाहेर सरकू लागली. खुद्द व्यापारी दारात उभा राहून आल्यागेल्याला नमस्कार करत होता. तारानाथ मात्र जागचा हलला नाही. जे जे त्याला पहिल्या खेपेला सुंदर वाटले होते, ते ते जागच्या जागी होते. सूर चोख, शब्द स्पष्ट, वादन रेशमी. तरीही तो ज्या ज्या दाराशी जाई, ते दार भिंतीवर रंगवलेले निघे. आत जायला वाटच नव्हती.

मग 'धग' लागला.

आरंभीचे प्रहार कडक होते, वाळल्या काटकीसारखे. या वेळी तारानाथ आपल्या मताला नवा शब्द शोधत नव्हता. गुरूंवरच्या रागाने त्याची जीभ बांधली होती, त्यामुळे कान मोकळे होते. हळूहळू आवाज उतरू लागला. तो कान टवकारून ऐकू लागला. वाद्य उतरत होते आणि वाजवणारे त्याच्याबरोबर उतरत होते. बोल बदलले, प्रहार विरळ झाले, सातांपैकी एकेक हलगी थांबत गेली. शेवटी एकच उरली, थकलेल्या माणसाच्या पावलासारखी. आणि तिच्याखाली कसलासा तडतडाट. पहिल्या खेपेला त्याला ती ध्वनिमुद्रणातली खरखर वाटली होती. ती शेकोटी होती. कातडे पुन्हा ताणून घेण्यासाठी हलग्या आगीवर शेकल्या जात होत्या. मग एक हलगी उठली, दुसरी उठली. सातही अशा कडाडल्या, की बाहेर चहा घेणारे कप हातात घेऊन दारात धावत आले.

अल्बम संपला. टाळी वाजली नाही. कोणाला हलावेसे वाटेना.

तारानाथ उठला. "सभाजन, माझी दोन मतं मी मागे घेतो," तो म्हणाला. "हलगीचा आवाज उतरतो, हे यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणालो. ठाऊक मला नव्हतं. खचणं आणि शेकून पुन्हा उभं राहणं हाच या रचनेचा विषय आहे, आणि मी त्यालाच दोष म्हणालो. गझलांविषयीचं माझं मत आजही तेच आहे. पण 'निर्दोष' हा शब्द मी ज्यासाठी वापरला..." तो अडखळला.

व्यापारी पुढे आला. "बोला की! आठवड्यात मत फिरलं? हाच का तुमचा परखडपणा?"

काही लोक हसले. तारानाथाने गुरुजींकडे पाहिले. तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले:

"शेठ, पहिल्यांदा ऐकताना माणूस स्वतःलाच ऐकत असतो. ओळखीचं आलं की मान डोलते, अनोळखी आलं की कपाळाला आठी पडते. ते खोटं नसतं, पण ती आपल्या सवयींची साक्ष असते. समोरच्याचा आवाज दुसऱ्या खेपेला ऐकू येऊ लागतो. लोकांच्या चुका चारचौघांत सांगायला फारसं धैर्य लागत नाही, टाळ्याही मिळतात. स्वतःचं गाजलेलं मत चारचौघांत मोडायला धैर्य लागतं. आज माझा शिष्य खऱ्या अर्थानं परखड झाला. त्याला पुढचं बोलू द्या."

तारानाथाचा आवाज आता स्थिर होता. "शेठजी, तुमच्या अल्बममध्ये सगळं आहे. फक्त तुमच्या आई त्यात नाहीत. त्या कशा गात असत, ते मला कळलं नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी कठोर बोलणार असे सर्वांना वाटले. पण शब्द आले ते वेगळेच.

"आईचा आवाज घोगरा होता," तो म्हणाला. "निवडण-टिपण करताना गुणगुणायची. अर्ध्या ओळीत थांबून आम्हाला रागवायची, आणि तीच ओळ पुढे चालू." तो खाली बसला. "मला वाटलं, इतका साधा आवाज लोकांपुढे कसा न्यायचा? म्हणून झाकला. जितका झाकता येईल तितका झाकला." मग त्याने समोर ठेवलेला हार उचलला आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वतः चालत गेला. "बाई, उद्घाटन तुमच्या हलगीनं होऊ द्या. आई असती तर उठून नाचली असती."

आता मात्र छत उडेल अशी टाळी झाली. तारानाथ सगुणेपाशी जाऊन हात जोडू लागला. तिने त्याला थांबवले.

"माफी नको," ती म्हणाली. "आधी तुम्ही बोललात, ते मला लागलं नाही, कारण ऐकलंच नव्हतं तुम्ही. आज ऐकलंत, आमचं काम झालं. आता पुढच्या अल्बमात काही खटकलं, तर तेही तोंडावर सांगा."

उद्घाटनाच्या दिवशी नाट्यगृहाच्या अंगणात शेकोटी पेटली. सगुणा आणि तिचे साथीदार हलग्या शेकून रंगमंचावर आले. नगर लोटले होते. जिन्यांत, खिडक्यांत, माळ्यावर माणसे. मध्यावर आवाज उतरत गेला तेव्हा कोणी चुळबूळ केली नाही. लहान पोरेसुद्धा श्वास रोखून थांबली. मग सात हलग्या एकदम कडाडल्या, आणि सारे प्रेक्षागृह उभे राहिले. पहिल्या रांगेतला व्यापारी दोन्ही हात वर करून नाचत होता, आणि त्याला कोणाची लाज वाटत नव्हती.

आपण रोज माणसांविषयी, पुस्तकांविषयी, गाण्यांविषयी मते देतो. त्यातले एखादे तरी आपण पुन्हा तपासायला बसतो का, एवढे ज्याने त्याने पाहावे.

कार्यक्रम संपला. दिवे लागले, गर्दी पांगली. तारानाथ आपल्या जागी बसून होता. लोक सवयीने त्याच्याभोवती जमले.

"मग, तारानाथ? कसं झालं?"

त्याने रिकाम्या रंगमंचाकडे पाहिले.

"अजून ऐकतोय," तो म्हणाला.

त्याच्या शेजारी बसलेल्या गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते. तेही ऐकत होते.