खळ्यावरचा होकार

पूर्वी वेत्रनगरात रत्नकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले आणि पुढे त्याच राजाचे अमात्य झाले.

त्या मुलखात भात पावसावर पिके. पावसाने मध्येच पाठ फिरवली की लोंब्या पोचट राहत. म्हणून राजाने नदीला बांध घालून गावोगाव पाट न्यायचे ठरवले. पावसाला जोड म्हणून मिळणाऱ्या या पाण्याबद्दल दरवर्षी भाताच्या राशीचा चौथा वाटा कोठारात यायचा आणि त्यातला काही भाग देखरेख करणाऱ्या अमात्यांना मिळायचा. बोधिसत्त्वांच्या घराचे छप्पर तेव्हा गळत होते, त्यामुळे ही बातमी त्यांच्या घरी सगळ्यांना फार आवडली.

शेतकऱ्यांना हे परवडेल का, ते विचारायला राजाने उपरथ नावाचा अधिकारी पाठवला. तो ऐन सुगीत गेला आणि हसतच परतला. एकाही माणसाने नाही म्हटले नव्हते. राजाने लगेच खोदकामाचा मुहूर्त काढायला सांगितले.

बोधिसत्त्वांनी एवढेच विचारले, की लोकांना गाठले कुठे. उपरथ म्हणाला, खळ्यावर, तिथे सगळे आयते सापडतात.

हे ऐकताच बोधिसत्त्वांना चूक कळली. धान्याच्या राशीजवळ 'नाही', 'संपले', 'पुरत नाही' असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत, ही त्या मुलखाची रीत होती. लहानपणी असाच एक शब्द बोलल्याबद्दल आईने त्यांचा कान चांगला पिळला होता. नगरात वाढलेल्या उपरथाला हे कुठून ठाऊक असणार?

ते राजाला घेऊन गोमिक नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर गेले. चौथा वाटा झेपेल ना, असे राजाने विचारताच गोमिक हात जोडून म्हणाला, "भरपूर आहे, महाराज."

बोधिसत्त्वांनी त्याचा हात धरून त्याला कुंपणापलीकडच्या करंजाखाली नेले. राजाही मागोमाग आला.

"गोमिकबाबा, आता सांगा. वाटा दिल्यावर काय उरेल?"

गोमिकने रास किती लांब राहिली ते वळून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "नेहमीचा कर आणि देणी भागवून वर हा वाटा दिला, तर बियाणे उरेल. खायला उरणार नाही."

राजाचा चेहरा उतरला. परवडत नसेल तर पाटच नको, असे तो रागाने बोलून गेला. गोमिकचे डोळे भरून आले. पाणी त्याला हवेच होते. गेल्या साली त्याचे उभे भात डोळ्यांदेखत वाळले होते.

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, भात निघाल्यावर ही जमीन कोरडी पडून असते. पाट आला तर तिथे हरभरा होईल. आपला वाटा फक्त त्या हरभऱ्यातून घ्या, भाताला हात लावू नका. ज्या साली पाटाला पाणी नाही, त्या साली हरभरा नाही आणि वाटाही नाही. कोठाराला कमी पडेल ते माझ्या वाट्यातून भरा."

"आणि तुमचे छप्पर?"

"त्याला गवत पुरेल."

राजाला हसू आले आणि राग तिथेच विरला. पाट झाला. बोधिसत्त्वांच्या घरी मात्र त्या पावसाळ्यातही जागोजागी भांडी मांडावी लागली.

पुढे एका सुगीत राजा पुन्हा त्याच खळ्यावर आला. हरभऱ्याची रास पाहून त्याने गोमिकला विचारले, वाटा झेपतो ना. गोमिक म्हणाला, भरपूर आहे. राजाने करंजाकडे बोट केले. म्हातारा काठी टेकत कुंपणाबाहेर आला, मागे एकदा वळून पाहत म्हणाला, "खरंच भरपूर आहे, महाराज. फक्त पाटाच्या तोंडाशी गाळ साचलाय, तेवढा काढायला सांगा."

ही पूर्वजन्मीची हकिकत सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा माझा शिष्य आनंद. उपरथ म्हणजे आज भिक्षेहून येऊन 'गावाला आपला मुळीच भार होत नाही' असे सांगणारा भिक्षू. गोमिक म्हणजे त्याच्या पात्रात तळाचा भात खरवडून वाढणारा म्हातारा उपासक. आणि अमात्य मी होतो. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पूर्णता, साधत होतो."

दुसऱ्या दिवशी तो भिक्षू उपासकाच्या दारी गेला, तेव्हा त्याने पात्र पुढे केले नाही. म्हाताऱ्याचा हात धरून तो त्याला चुलीपासून दूर, अंगणाबाहेर घेऊन गेला आणि मग विचारले, "बाबा, घरात भात आहे ना?"